रक्तात नाही म्हणे

त्या संध्याकाळी विहारात मी माझ्या धाकट्या भावाच्या थोबाडीत देणार होते. समोर तथागतांची मूर्ती होती म्हणून हात आवरला. तोंड मात्र आवरलं नाही, आणि आवरलं नाही तेच बरं झालं.

मी सत्यशीला. औरंगाबादच्या दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. रागीट बाई म्हणून सगळा वॉर्ड मला ओळखतो, आणि त्यात खोटं काही नाही. कावीळ झालेल्या लेकराला पोटावर डाग देऊन आणणाऱ्या बापांना मी दारातच फैलावर घेते. त्यांना शिव्या देताना मला नेहमी वाटायचं, आमच्या घरात तरी असलं काही नाही. माझा भाऊ तातेराव शिकलेला, आमच्याच गावच्या शाळेत मास्तर. गाव राजूरच्या पुढं, भोकरदन तालुक्यात. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. श्रावणात मी रजा काढून घरी गेले, ती नेमकी आमच्या घराच्या पाळीला.

पाळी म्हणजे ग्रंथवाचनाची. वर्षावासाचे म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचतात. तसं ते सगळीकडेच असतं, पण आमच्या वस्तीत एक नियम जास्तीचा आहे. ज्या घराची पाळी, त्या घरातल्या सगळ्यात लहान शिकत्या लेकरानं वाचायचं. छप्पन साली धर्मांतर झालं तेव्हा मोठ्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून लेकरांनी वाचलं. आधी ती गरज होती, मग रीत झाली. आणि एकदा रीत झाली की तिच्यासमोर माणसं डोकं चालवत नाहीत, मग धर्म कोणताही असो.

आमच्याकडून वाचणार होती बेबीनंदा. तातेरावची थोरली, पाचवीतली; तिची धाकटी भावंडं अजून शाळेत जात नव्हती. पत्र्याच्या त्या विहारात सगळी वस्ती दाटीवाटीनं बसली होती. जखमी हंसाची गोष्ट होती. बाण कोणी मारला, हंस कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा. पोरगी कुठं अडखळली नाही. जिथं थांबायचं तिथं थांबली, प्रश्न आला तिथं आवाज चढवला. बायका हातातली लेकरं थोपटायची विसरल्या. माझी भावजय कडूबाई पदरानं डोळे पुसत होती, आणि खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

बेबीच्या शेजारी रामकिसनबाबा बसले होते. विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष, वस्तीतलं सगळ्यात मोठं माणूस. त्यांच्या ध्यानात आलं की गोष्ट तीन पानं पुढं गेली, पण पोरीनं पान एकदाही उलटलं नाही. त्यांनी हात पुढं केला, ग्रंथाची पाच-सहा पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथून वाच, बाई."

बेबीनं पानाकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. कोणीतरी मागून खोकलं.  तयारी करून घ्यायची म्हणून तातेरावनं आठवडाभर तो भाग घरी मोठ्यानं वाचून दाखवला होता. पोरीनं तो ऐकून ऐकून सगळाच्या सगळा मनात साठवला होता.

आता मला सांगा, अकरा वर्षांच्या पोरीनं तीन पानं कानानं टिपून घेतली, स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली, तर शहाण्या माणसांनी काय करावं? तिच्या तोंडात साखर घालावी. आमच्या शहाण्यांनी काय केलं ते ऐका.

"हे ग्रंथाला फसवणं झालं," रामकिसनबाबा म्हणाले. "साऱ्या वस्तीला फसवलं. मूर्तीपुढं नाक घासून माफी माग."

तातेराव उठला, पोरीची मान धरली आणि खाली दाबली. "माग माफी. माग!"

तेव्हा माझा हात वर गेला होता. तो मी खाली घेतला आणि बोलले. "बाबा, नाक घासायचंच व्हतं तर मारुती काय वाईट व्हता? त्याच्यापुढं बी घासतच व्हतो आपण, पाराच्या खाली लांब उभं राहून. त्याच्यापायी धर्म बदलला का आपण? देव टाकले तुम्ही, पोथीचं भ्या टाकलं न्हाई!"

विहारात एकच गलका झाला. नर्स झाली म्हणून शेफारली, असं कोणीतरी म्हणालं. मी बेबीचा हात धरला आणि तिला घेऊन घरी आले. माफी तिनं मागितली नाही, मी मागू दिली नाही.

घरी आल्यावर तातेराव मला भिडला. बेबीची शाळा बंद, म्हणाला. दिवाळीनंतर तिला परतूरला साडूकडं पाठवायची, तिथं जिनिंगात बाया-पोरी कापूस निवडतात, तीही निवडील. "तिथं कोणी वाचाया लावत न्हाई," तो म्हणाला. "मास्तराची लेक, अन् तिला ढ अक्षर येत न्हाई. मी वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहू, अक्का?"

कडूबाई चुलीजवळ बसून रडत होती. तिच्याकडून मला सगळं कळलं. तीन वर्षांपासून घरात हे माहीत होतं आणि मला कोणी कळवलं नव्हतं. आधी म्हणाले डोळे अधू आहेत. जालन्याला नेलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं की डोळे चांगले आहेत, चष्म्याची गरज नाही. तरी यांनी चष्मा केला, साध्या काचेचा! मग शाळेतल्या एका विद्वानानं सांगितलं की पोरगी डावखुरी आहे, अशा पोरांना अक्षरं उलटी दिसतात. झालं, तिचा डावा हात दोरीनं पाठीशी बांधून महिनाभर लिहायला लावलं. कडूबाईच्या आईनं जिभेवर वेखंड उगाळून लावलं. पाटलाच्या सगुणाबाई म्हणाल्या, राजूरच्या गणपतीला न्या, तो विद्येचा देव आहे. त्यावर तातेराव त्यांच्या अंगावर धावून गेला की आम्ही अंधश्रद्धा सोडल्यात, आम्हाला शिकवू नका. सोडल्या ना? मग हातावर पट्टी मारली की डोक्यात अक्षर शिरतं, ही कोणती श्रद्धा म्हणायची? त्या पट्टीच्या देवाला तर हा रोज निवद दाखवत होता. बेबीचे तळहात मी दिव्याजवळ धरून पाहिले, आणि त्या माणसाशी एका छपराखाली जेवायची मला इच्छा राहिली नाही.

सगळ्यांचं शेवटचं म्हणणं एकच, पोरगी आळशी आहे. ही पोरगी पहाटे उठून पाणी भरते, शेरडं सोडते, धाकट्या भावंडांना न्हाऊ घालते. रेडिओवरची बातमी एकदा ऐकली की शब्दाला शब्द सांगते. तीच पोरगी पुस्तक उघडल्याबरोबर आळशी कशी होते, हा प्रश्न एकालाही पडला नाही. मास्तरालाही नाही.

"सोमवारी माझ्या दवाखान्यात आण तिला," मी म्हणाले. "आमच्या डॉक्टरीणबाई विलायतेहून शिकून आल्यात. त्या म्हणल्या आळस हाय, तर खुशाल पाठव जिनिंगात. मी तोंड उघडणार न्हाई."

विज्ञान म्हटलं की तातेरावला नाही म्हणता येत नसे. तो बरं म्हणाला आणि सोमवारी आम्ही तिघं पहिल्या गाडीनं निघालो.

आमच्या डॉक्टरीण औंढेकर बाईंनी बेबीला सकाळभर ठेवून घेतलं. गोष्ट सांगितली, परत सांगायला लावली. ठोकळे दिले, कोडी घातली, चित्रं लावायला दिली. बेबी हसायला लागली, किती तरी दिवसांनी हसत असावी. मग बाईंनी तिला विचारलं, "कमळ म्हण. आता त्यातला क काढून टाक. काय राहिलं?"

बेबीनं बराच वेळ विचार केला. "पाणी," ती म्हणाली.

तातेरावनं कपाळावर हात मारला. बाई मात्र हसल्या नाहीत, मान हलवून त्यांनी पुढचा शब्द विचारला. तसंच झालं. शब्द म्हटला की बेबीला ती वस्तू दिसायची. त्या शब्दाचे तुकडे होतात, ते सुटे करता येतात, हे तिला ऐकूच येत नव्हतं. पाच वर्षं तिला जो तो अक्षरं गिरवायला लावत होता, आणि अक्षर कशाची खूण आहे तेच तिला कोणी उमजू दिलं नव्हतं.

मग बाई तातेरावशी बोलल्या.

"गुरुजी, मुलगी हुशार आहे. चांगलीच हुशार आहे. डोळे उत्तम आहेत. अक्षर तुम्हाला दिसतं तसंच तिला दिसतं, उलटंबिलटं काही दिसत नाही. आपण बोलतो त्या शब्दातले आवाज सुटे करायचे आणि प्रत्येक आवाजाला अक्षराची खूण जोडायची, हे काम मेंदू करतो. पुष्कळांना ते सहज जमतं. हिला जमायला फार कष्ट पडतात. याला डिस्लेक्सिया म्हणतात. हा आळस नाही आणि वेडेपणाही नाही. याला गोळी नाही, टॉनिक नाही. आणि मारल्यानं तर बिलकुल जात नाही."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी बेबीच्या हातांकडं पाहिलं. तातेरावनं मान खाली घातली.

"मंग उपाय काय?" त्यानं विचारलं.

"शिकवणं, पण वेगळ्या रीतीनं. एका वेळी एकच आवाज आणि त्याचं एकच अक्षर. तोंडानं म्हणायचं, ताटात ज्वारी पसरून त्यात बोटानं काढायचं. रोज थोडं, आणि तेच पुन्हा पुन्हा. कंटाळायचं नाही, चिडायचं नाही. वाचील ती. कदाचित जन्मभर सावकाशच वाचील, पण वाचील."

मला वाटलं, सुटलो. इतकं सरळ कोणी कधी सांगितलं नव्हतं. तातेरावचा चेहराही सैल झाला होता. मग त्यानं मास्तराच्या सवयीनं एक प्रश्न जास्तीचा विचारला.

"पण बाई, हे कशानं होतं?"

"जन्मतःच असतं. पुष्कळदा घराण्यात चालत येतं. तुमच्याकडे मागच्या पिढीत कोणाला वाचायला अडचण होती का?"

तातेराव उठून उभा राहिला.

"मागच्या पिढीत?" तो म्हणाला. "आमच्या मागच्या पिढीला पाटी शिवू दिली न्हाई कोणी, बाई. त्यांना वाचाया आलं असतं का न्हाई, हे कसं कळावं आम्हाला? घराण्यात चालत येतं म्हणता. रक्तात न्हाई, असंच ना? हजार वर्षं हेच ऐकून राह्यलो आम्ही. आधी पोथीत लिहून सांगायचे. आता तुम्ही विलायतेचं नाव लावून सांगा!"

औंढेकर बाईंचा चेहरा उतरला. "गुरुजी, मी तसं म्हणत नाही. हे माझ्या सख्ख्या भावाला आहे. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या शास्त्री झाले, आणि तो मॅट्रिकही झाला नाही. वडिलांनी फार मारलं त्याला."

"मंग गाव काय म्हणलं?"

"कोणतं गाव?"

"तुमचं. तुमचा भाऊ नापास झाला, तव्हा गाव म्हणलं का, बामनाच्या रक्तात विद्याच न्हाई म्हून?"

बाईंनी हातातला ठोकळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. कोणी म्हणालं नाही."

"तेच तर! तुमचं पोरगं अडलं तर ते एकटं पोरगं अडतं. आमची पोरगी अडली की सारी जात अडती."

एवढं बोलून तो बाहेर निघून गेला. मला माझ्या भावाचा त्या घडीला इतका अभिमान वाटला की त्याच्या पाया पडावं, आणि संताप इतका आला की त्याला धरून बडवावं. त्याचा शब्द न शब्द खरा होता. तरीही पोरीच्या हातावरचे वळ त्याच्याच पट्टीचे होते. खऱ्या दुःखाचंसुद्धा माणूस सोटा करतो आणि तो घरातल्या सगळ्यात लहान डोक्यात घालतो. याचा राग कोणावर काढायचा?

मी त्याच्यावरच काढला. दवाखान्याच्या व्हरांड्यात, येणारेजाणारे बघत असताना.

"तू बराबर बोलला," मी म्हणाले. "एक शब्द चुकला न्हाई तुझा. आता माझं ऐक. लोक काय म्हणतील म्हून तू पोरीची शाळा बंद करून राह्यला ना? म्हंजे लोकांचं काम तूच करून राह्यला. आपल्या आज्याच्या हातात पाटी येऊ दिली न्हाई त्यांनी. तू लेकीच्या हातातली हिसकून राह्यला. त्यांच्यात अन् तुझ्यात फरक काय, सांग मला!"

तो स्टँडकडं चालायला लागला. गाडीत खिडकीशी बसला तो गाव येईपर्यंत बाहेर बघत राहिला. बेबी माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, पण डोळे उघडे होते. माझी रजा संपली होती. मी ती वाढवून घेतली होती, कारण माझा त्याच्यावर विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी विहारात वाचन सुरू व्हायच्या आधी रामकिसनबाबांनी विचारलंच. "गुरुजी, पोरीला दाखवून आले म्हणं. काय म्हणले डॉक्टर?"

सगळे तातेरावकडं बघायला लागले. तो उठला. मला वाटलं, हा आता बोलेल, मास्तर आहे, नीट समजावून सांगेल.

"लहानपणी ताप आल्ता तिला," तातेराव म्हणाला. "तो मेंदूत गेल्ता. म्हून वाचाया येत न्हाई."

बायका चुकचुकल्या. कोणीतरी "आरारा, बिचारी" म्हणालं.  काय सोयीचा ताप काढला होता त्यानं! तापाला जात नसते, घराणं नसतं. त्यात बापाचा दोष नाही, मास्तराचाही नाही. वस्तीनं तो लगेच मान्य केला, कारण तो सगळ्यांच्याच सोयीचा होता.

"मंग इलाज न्हाई," रामकिसनबाबा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ झाला होता, आणि मला तो त्या दिवशीच्या कडक आवाजापेक्षा वाईट वाटला. "मेंदूच गेला तर शाळा काय करायची? जिनिंगात हात चालले तरी पुरं. पोट तर भरंल."

तातेरावनं मान हलवली. हो म्हणून हलवली. मी उठायला लागले, पण माझ्या आधी बेबी उठली.

"मला ताप न्हाई आल्ता," ती म्हणाली.

कडूबाईनं तिचा झगा खाली ओढला. तिनं तो सोडवून घेतला.

"दादा, तुम्ही खोटं कामून बोलून राह्यले? माझा मेंदू गेला न्हाई. मला अक्षरं जुळवता येत न्हाईत. डॉक्टरीणबाई म्हणल्या, जुळतील. टाइम लागन."

बापाला असं भर विहारात बोललेलं आमच्या वस्तीत कोणी ऐकलं नव्हतं. तातेरावचा चेहरा काळवंडला. रामकिसनबाबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"किती टाइम?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत?" बेबी म्हणाली. "बाबा, तुम्हाला किती लागला?"

उद्धटपणा नव्हता तो, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.  रामकिसनबाबांनी पाटी हातात धरली ती धर्मांतरानंतर, चाळिशी ओलांडल्यावर, याच पत्र्याखाली. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून ते इथं येऊन बसायचे. त्यांच्या हातून पेन्सिली मोडायच्या आणि वस्ती हसायची. जे हसले होते तेही आज इथंच बसले होते.

म्हाताऱ्यानं पोरीकडं पाहिलं.

"सात वर्षं," ते म्हणाले. "तव्हा कोणी उठवलं न्हाई मला इथून."

"मंग मला बी उठवू नका," बेबी म्हणाली. हे ती त्यांना म्हणाली नाही, बापाकडं बघून म्हणाली.

तातेराव अजून उभाच होता. कडूबाईनं घाबरून माझा हात दाबला.

"बाबा, ताप न्हाई आल्ता तिला," तो म्हणाला. "उद्या शाळा हाय तिची."